माळ्यावरच्या बंदुकीची प्रमाणमीमांसा

जुन्या वाड्यात तीन वस्तू बहुधा सापडतातच: एक बंद पडलेले लंबकाचे घड्याळ, एक मोडीतले दप्तर आणि एक बंदूक. घड्याळाविषयी कोणी काही दावा करत नाही. दप्तर कोणालाच वाचता येत नसल्यामुळे त्याचा दरारा शाबूत असतो. बंदुकीविषयी मात्र घरातल्या प्रत्येकाला सगळे ठाऊक असते, आणि प्रत्येकाला ते वेगवेगळे ठाऊक असते. तरीही आपल्या विद्वज्जनांनी या विषयाकडे म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही. ताम्रपट झाले, नाणी झाली, वीरगळ झाले. माळ्यावरची बंदूक तशीच राहिली. ही उणीव अंशतः तरी भरून निघावी, या नम्र हेतूने प्रस्तुत प्रबंध विद्वानांच्या चरणी सादर केला आहे.

प्रबंधाचा आधार सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यातली ठासणीची बंदूक. कुटुंबाचे नाव देत नाही, कारण बंदुकीवरून घरात सध्या दोन तट पडले आहेत आणि दोन्ही तटांकडे प्रस्तुत लेखकाचे जेवणखाण आहे. बंदूक चार फूट सात इंच लांब. वजन चार किलोंच्या वर. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, त्यावर कधीकाळी दारे-खिडक्या रंगवून उरलेला हिरवा ऑइलपेंट. चापाभोवतीची कडी आणि दस्त्याच्या बुडाची पट्टी पितळी. नळी तीन लोखंडी पट्ट्यांनी लाकडाला आवळलेली. गज नाही. मूळचा गज न्हाणीघराची मोरी तुंबली तेव्हा आत घातला गेला आणि तिथेच कामी आला.

या बंदुकीविषयी दोन प्रश्न आहेत. ती कोणाची होती, आणि तिचे किती येतील? पहिला प्रश्न थोरले काका विचारतात, दुसरा त्यांचे चिरंजीव. काका ओसरीवर असले की दुसरा प्रश्न स्वयंपाकघरात विचारला जातो.

आता ज्ञानाची साधने. नैयायिक चार प्रमाणे मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शास्त्रात पहिला मान प्रत्यक्षाचा. वाड्यात तो शब्दाचा असतो, कारण बंदूक माळ्यावरून उतरवायला शिडी लागते आणि काकांना बोलायला काही लागत नाही. म्हणून आधी शब्दप्रमाण.

वाड्यातल्या बंदुकांच्या आख्यायिकांची ढोबळ मानाने दोन घराणी आहेत. पहिले वाघाचे. या घराण्यातल्या बंदुकीने किमान एक वाघ मारलेला असतो. वाघ नरभक्षक असतो, गावकऱ्यांनी हात जोडलेले असतात, पणजोबा एकटेच गेलेले असतात आणि नंतर कलेक्टरसाहेबाने त्यांची पाठ थोपटलेली असते. वाघाची लांबी दर पिढीला वीतभर वाढते. कातडे मात्र कसर लागून गेलेले असल्यामुळे पडताळा घेता येत नाही. येथे एक तांत्रिक अडचण नोंदवणे भाग आहे. ठासणीची बंदूक भरायची म्हणजे कागदी काडतूस फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी सारायची, गजाने ठासायची, घोडा मागे ओढायचा, त्याखालच्या चोचीवर तांब्याची टोपी बसवायची आणि मग नेम धरायचा. कवायतीत तरबेज असलेला शिपाई हे सगळे मिनिटाला तीनदा करी. पणजोबा तरबेज होते असे धरून चालले, तरी पहिला बार हुकल्यावर वाघाने वीस सेकंद समंजसपणे उभे राहणे आवश्यक ठरते. उपलब्ध आख्यायिकांत वाघाच्या या समंजसपणाचा उल्लेख कुठेच नाही.

दुसरे घराणे सत्तावनचे. आपली बंदूक या घराण्यातली. काकांच्या मते ती तात्या टोपे यांची. आधार काय, तर आजोबांनी सांगितले होते. आजोबांना त्यांच्या आत्याने सांगितले होते. आत्याला कोणी सांगितले हे विचारणारा माणूस त्या घरात अजून जन्मला नाही.

प्रस्तुत लेखकाने हा दावा आदरपूर्वक तपासला. प्रथमदर्शनी बंदूक १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल दिसते. हीच ती इतिहासप्रसिद्ध एनफिल्ड: नळीच्या आत तीन आटे, भोक ०.५७७ इंचाचे, आणि जिच्या काडतुसाच्या चरबीवरून आग भडकली ती. पण सत्तावन साल उजाडले तेव्हा हिंदी शिपायांच्या हाती ही बंदूक जवळजवळ आलीच नव्हती. ती शिकवायला डमडम, अंबाला आणि सियालकोट अशी तीन केंद्रे उघडली होती आणि पलटणींतून निवडक माणसे तिथे धाडली जात होती. बाकीची देशी फौज गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकांवरच होती. एनफिल्ड होती ती मुख्यतः गोऱ्या पलटणींकडे. म्हणजे ज्या बंदुकीच्या काडतुसाला तोंड लावायचे नाही म्हणून माणसे तोफेच्या तोंडी गेली, तीच बंदूक त्यांची म्हणून आपण भिंतीला टांगतो आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालतो.

हे ऐकल्यावर काका म्हणाले, ‘‘तात्यांनी लुटली असंल.’’

हे उत्तर खोडून काढता येत नाही. लुटलेल्या बंदुकांची पावती कोणी देत नाही. पुढे आणखी एक भौगोलिक अडचण होती. तात्या १८५८ च्या अखेरीस नर्मदा ओलांडून दक्षिणेकडे झेपावले खरे, पण सातारा जिल्ह्यापर्यंत काही पोचले नाहीत. त्यावर काकांनी, ‘‘माणूस नाही पोचला, बंदूक पोचली,’’ असा निवाडा दिला. ओसरीवरच्या वादात असा निवाडा अंतिम असतो.

तेवढ्यात घोड्याखालच्या लोखंडी पाटीवरचा गंज थोडा पुसला गेला. पाटीवर मुकुट निघाला, ‘टॉवर’ अशी इंग्रजी अक्षरे निघाली आणि शेजारी साल निघाले: १८६०. तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फाशी दिली गेली. काका बराच वेळ अडकित्त्याकडे बघत राहिले. मग सुपारीचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, ‘‘मग वासुदेव बळवंतांची असंल.’’

आख्यायिकेचा हा गुण अभ्यासकांनी जपून नोंदवावा. दगड, विटा, खापरे यांचे साल एकदा ठरले की ठरले. आख्यायिका पुरावा येईल तशी पाट सरकवून घेते. वासुदेव बळवंत फडके पकडले गेले १८७९ साली, म्हणजे बंदुकीला एका झटक्यात एकोणीस वर्षांची मोकळीक मिळाली. शिवाय १८७९ नंतरचे कोणतेही साल पाटीवर असणार नाही याची काकांना खात्री होती, कारण पाटी आता पूर्ण वाचून झाली होती.

शब्दप्रमाण इथे सोडू आणि प्रत्यक्षाकडे वळू.

प्रत्यक्षाच्या वाटेतला मोठा अडथळा म्हणजे खंडेनवमी. दरवर्षी त्या दिवशी बंदूक माळ्यावरून उतरते, विळा, कोयता, पहार यांच्या पंगतीत बसते आणि तिला हळदकुंकू लागते. त्याला कोणाची हरकत नाही. पण त्याआधी ती घासली जाते. पूर्वी चिंच आणि राख, पुढे डब्यातली पावडर. आता लष्करी बंदुकीच्या बुडाच्या पितळी पट्टीवर बरेचदा पलटणीची खूण आणि बंदुकीचा आकडा ठोकलेला असतो. बंदुकीची खरी जन्मकुंडली म्हणायची ती हीच. आपल्या बंदुकीच्या पट्टीवर सध्या एक अस्पष्ट खळगा आहे. पुतण्याला त्यात ‘४’ दिसतो, काकूंना गणपती. जगभरचे जुन्या शस्त्रांचे शौकीन कानीकपाळी ओरडून सांगतात की धातूवर चढलेला काळपट थर घासू नका, घासला की किंमत उतरते. आपल्याकडे घासला नाही तर सुनेची किंमत उतरते. एखादी संपूर्ण पलटण अशी चिंचेने विरघळवल्याचे दुसरे उदाहरण लष्करी इतिहासात नसावे.

लाकडावर मात्र चिंच चालत नाही आणि ऑइलपेंट खरवडल्यावर दस्त्यावर दोन खुणा दिसू लागल्या. त्यांच्यावरूनच घरात तट पडले.

पहिली खूण अशी: तीन रेघा वरच्या टोकाला एकत्र आलेल्या, कावळ्याच्या पावलासारख्या, आणि त्याखाली एक सुटी उभी रेघ. काकांनी पाहताक्षणी हात जोडले. त्रिशूळ! घराण्याचे कुलदैवत खंडोबा, तेव्हा बंदूक देवाला वाहिलेली होती हे उघड झाले. त्रिशूळ उलटा आहे हा आक्षेप पुतण्याने घेतला. काकांनी बंदूक उलटी धरून आक्षेप निकाली काढला. मग सुटी रेघ टोकांच्या वर आली; ती ज्योत होय. दुसऱ्या खुणेत असेच दोन त्रिशूळ टोकाला टोक भिडवून आडवे ठोकलेले होते. काकूंनी त्यात म्हाळसा आणि बाणाई ओळखल्या. हा झाला त्रिशूळवाद.

बाणवादाचा प्रणेता म्हणजे काकांचा पुतण्या, आणि त्याला वाचनाचे वेड. त्याचे म्हणणे असे की ही खूण म्हणजे ब्रिटिश सरकारचा रुंद पात्याचा बाण. तंबू असो, दोरखंड असो की बंदूक, सरकारी मालावर हा बाण मारायचा त्यांचा जुना रिवाज. खालची सुटी रेघ म्हणजे इंग्रजी ‘आय’ अक्षर, इंडियाचे. थोडक्यात, माल हिंदुस्थान सरकारचा. इथवर त्रिशूळवाद्यांनी सहन केले. मग पुतण्याने दुसऱ्या खुणेचा अर्थ सांगितला. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण म्हणजे सरकारने ही वस्तू चाकरीतून काढून विकली. ज्या खुणेच्या जोरावर बंदूक देवाची ठरली होती, तो सरकारने माल मोडीत काढतानाचा शिक्का होता.

त्या दिवशी पुतण्याला ताटात भाकरी दोनदा वाढली गेली नाही.

प्रस्तुत लेखकाचे मत बाणवादाकडे झुकते, पण जेवणाच्या कारणास्तव ते येथे जोर देऊन मांडलेले नाही. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांच्या हिताची आहे: खुणा खऱ्या आहेत. हे सांगावे लागते, कारण खैबर खिंडीच्या परिसरात आणि दारा आदमखेलच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या हाताने घडवलेल्या नकली विलायती बंदुकांचा सुळसुळाट आहे. तिथले कारागीर कानस आणि भात्याच्या बळावर अख्खी रायफल उभी करतात, पण इंग्रजी अक्षरे त्यांना नक्षी म्हणूनच ठाऊक. त्यामुळे ‘एनफिल्ड’मधला ‘एन’ उलटा पडतो, किंवा राणी व्हिक्टोरियाच्या नाममुद्रेशेजारी १९१९ साल येते. राणी १९०१ मध्ये वारली. अशा बंदुकीला खोटी म्हणून हसणारे आहेत, आणि तीच मुद्दाम गोळा करणारेही आहेत. लेखकाच्या मते दुसरे लोक जास्त रसिक.

आता मुख्य प्रयोग. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्याकडे व्हर्नियर कॅलिपर आहे. नळीचे तोंड साफ करून त्याने जबडे आत घातले आणि आकडा वाचला. १८५३ च्या एनफिल्डचे भोक १४.६६ मिलिमीटरचे हवे. हे १६.६ च्या वर भरले. मोबाइलची बॅटरी आत मारली. आट्यांचा पत्ता नाही. नळी आतून तुपाच्या बुधलीसारखी गुळगुळीत. काकांनी लगेच खुलासा केला, ‘‘झिजले. बार काय थोडे काढले?’’ पण नळीवरची माशीमागची खाचही तीच कथा सांगत होती. अस्सल एनफिल्डवर वरखाली सरकणारी शिडी असते, तिच्यावर ९०० यार्डांपर्यंतचे आकडे असतात. इथे लोखंडाचा एक ठोकळा आणि त्यात एक खाच. हलत नाही, आकडा नाही. दूरवर नेम धरायची सोयच ठेवलेली नाही.

येथून अनुमानप्रमाण सुरू होते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रबंधात वाचण्यासारखे काही असेल तर ते येथेच आहे.

सत्तावनची धामधूम शमल्यावर इंग्रजांनी फौजेची नवी घडी बसवली. तोफा बहुतांशी गोऱ्यांच्या ताब्यात गेल्या. हिंदी पायदळाला बंदूक तर द्यावीच लागणार होती, पण ती गोऱ्या शिपायाच्या तोडीची असता कामा नये असे ठरले. त्यातून १८५८ आणि १८५९ चे दोन नमुने निघाले. बाहेरून तीच एनफिल्ड: तीच लांबी, तीच पितळी कडी, तोच घोडा, त्याच तीन पट्ट्या. आतून आटे नाहीत आणि भोक मोठे, ०.६५६ इंचाचे. पहिल्या नमुन्यात तर तयार रायफलींच्या नळ्या पोखरून आटे काढून टाकले होते. आटे नळीतून निघणाऱ्या गोळीला गिरकी देतात आणि गिरकीमुळे ती सरळ जाते. आटे काढले की गोळी शंभर यार्डांपलीकडे कुठे जाईल ते तिचे तिलाच ठाऊक. गोऱ्या शिपायाची गोळी त्याच्या कैक पट लांब नेमाने जाई.

ही पायरी पुढेही राखली गेली. १८६६ मध्ये मागून काडतूस भरायची स्नायडर आली, ती आधी गोऱ्यांना. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली तेव्हा कुठे स्नायडर हळूहळू हिंदी पलटणींकडे उतरू लागली. १८८८ मध्ये ली-मेटफोर्ड निघाली तेव्हा मार्टिनी खाली आली. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला, इतकाच हिशेब; फक्त धाकट्याने सदरा घालून मोठ्यावर उठू नये एवढी काळजी घेतलेली. आणि खाली काही उतरवले की त्याच्याखालचे मोडीत निघे. गुळगुळीत नळीच्या बंदुका पोलिसांकडे गेल्या, संस्थानांकडे गेल्या, विकल्या गेल्या. आपली बंदूक याच ओघात टोकाला टोक भिडवलेले दोन बाण अंगावर घेऊन साताऱ्याच्या दिशेने निघाली असणार.

तेव्हा निष्कर्ष असा. वाड्यातली ही ऐतिहासिक रायफल रायफलच नाही. ती तात्यांच्या हातात कधीच नव्हती. पण तात्यांचा धाक मात्र तिच्यात आहे, आणि तो मोजताही येतो: १६.६६ वजा १४.६६, बरोबर दोन मिलिमीटर. पुतण्याने हे गणित काकांना समजावून सांगितले. काकांना धाक दोन मिलिमीटरचा असणे मान्य झाले नाही.

मीमांसक आणखी एक प्रमाण मानतात, अर्थापत्ती. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असलाच पाहिजे. या प्रमाणाचा बंदुकीच्या इतिहासाला फार मोठा उपयोग आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा झाला आणि परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. त्याविरुद्ध राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ठरावही केला. आपल्या वाड्यातला सर्वांत जुना परवाना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पीक संरक्षणासाठी काढलेला आहे: उसात रानडुकरे शिरतात म्हणून. मधल्या काळात बंदुकीचा कुठेच कागद नाही. बंदूक लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही. सबब ती माळ्यावर होती, सरपणाच्या मोळीत. वाड्यात आजही सरपणाची मोळी काकू स्वतः काढतात, दुसऱ्या कोणाला काढू देत नाहीत. सवयीही दस्तऐवजच असतात.

लेखी पुराव्यांत सर्वांत भक्कम निघाल्या त्या निवडणुकीच्या पावत्या. आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची. त्या पावत्या काकांनी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवल्या आहेत. अभ्यासकाला असे सलग साधन क्वचितच मिळते. १९७७ ची पावती म्हणते, ‘बंदूक जुनी, नग एक’. १९८० ची म्हणते, ‘रायफल विलायती, गजासह’. १९८४ च्या पावतीवर ‘ठासणी, गज नाही’ असा शेरा आहे. यावरून न्हाणीघराच्या मोरीची घटना १९८० ते १९८४ यांदरम्यान घडली हे निर्विवाद सिद्ध होते. प्रबंधातला एवढाच एक कालनिर्णय असा आहे की ज्यावर घरात कोणाचे दुमत नाही. पावतीत ‘अंदाजे किंमत’ असा रकाना आहे. त्यात दरवेळी ‘निरंक’ लिहिलेले आहे.

या निरंकवरच चिरंजीवांचा आक्षेप. आणि येथे उपमानप्रमाण सुरू होते: अमक्याची तशी वस्तू इतक्याला गेली, तर आपली कितीला?

चिरंजीवांनी परदेशातले लिलाव पाहिले. अमेरिकेत एनफिल्डला मागणी आहे, याला कारण तिथले यादवी युद्ध. दोन्ही बाजूंनी मिळून नऊ लाखांच्या आसपास एनफिल्ड समुद्रापलीकडून मागवल्या. त्यांपैकी साधी, बऱ्या अवस्थेतली एखादी हजार-दोन हजार डॉलरला जाते. पण दस्त्यावर ‘जे.एस.’ ही अक्षरे आणि त्याखाली नांगर असेल तर भाव एकदम चढतो. तो दक्षिणेकडच्या, म्हणजे हरलेल्या पक्षाच्या तपासनिसाचा शिक्का. हरलेल्या बाजूची बंदूक जास्त महाग असते, हा शस्त्रबाजाराचा नियम आपल्याला सोयीचा वाटू शकेल. पण हरण्यापूर्वी तपासनीस नेमून शिक्के मारून ठेवावे लागतात. सत्तावनच्या धावपळीत आपल्याकडे हे राहून गेले.

त्यात २००३ च्या सुमारास काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला राणा राजवटीचा जुना शस्त्रसाठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. एनफिल्ड, स्नायडर, मार्टिनी, जनरल गहेंद्र शमशेर यांनी आखलेली गहेंद्र रायफल, सगळे नगांवर नव्हे, टनांवर निघाले. त्यांवर नेपाळी दारूगोळा खात्याचे देवनागरी आकडे आणि विक्रम संवत. आज टेक्सासातले शौकीन त्यामुळे देवनागरी आकडे लावतात आणि संवतातून सत्तावन वजा करून इसवी सन काढतात. सत्तावन हा आकडा या बंदुकांचा पिच्छा सोडत नाही.

चिरंजीवांनी मोबाइलवर डॉलरचे रुपये करून पाहिले. काकूंनी तेवढ्यात ट्रॅक्टरचा विषय काढला.

पण उपमान जिथे संपते तिथे कायदा सुरू होतो. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी घडलेली बंदूक संघराज्याच्या कायद्याने बंदूकच धरत नाहीत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या घडणीच्या वा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे. मात्र ते शस्त्र दुरुस्त करूनही चालता कामा नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. देशात विकायची तर बाळगायचा हक्क असलेल्यालाच, आणि सरकारला कळवून. म्हणजे जिथे गिऱ्हाईक आहे तिथे बंदूक जाऊ शकत नाही, आणि जिथे बंदूक आहे तिथे गिऱ्हाइकाला आधी परवाना लागतो.

याहून गमतीचा पेच सुटीच्या अटीत आहे. घोडा पडत असेल, नळी शाबूत असेल, चोच जागेवर असेल, तर शौकिनाच्या लेखी बंदूक मोलाची आणि कायद्याच्या लेखी हत्यार. नळी कापली, चोच बुजवली, घोडा झाळला, की कायद्याच्या लेखी निर्धोक आणि शौकिनाच्या लेखी पहार. बंदुकीची किंमत आणि बंदुकीची मोकळीक या दोन गोष्टी एकाच वेळी हाती लागत नाहीत. चिरंजीवांनी हे ऐकून घेतले आणि गुपचूप भंगारवाल्याला विचारले. त्याने बंदूक न बघताच भाव सांगितला: लोखंड वेगळे, पितळ वेगळे, लाकूड फुकट. हा व्यवहार अर्थातच बेकायदा ठरला असता आणि तो झालाही नाही. तरीपण या प्रबंधात नमूद केलेले रोखीतले प्रत्यक्ष मूल्यांकन एवढेच आहे.

शेवटी प्रस्तुत लेखकाने संग्रहालयाचा मार्ग सुचवला. काका विचारात पडले आणि म्हणाले, ‘‘पाटीवर काय लिहितील?’’ लेखकाने प्रामाणिकपणे सांगितले: गुळगुळीत नळीची बंदूक, देशी पायदळासाठी, १८६०, गज नाही. काका म्हणाले, ‘‘मग राहू दे माळ्यावरच.’’ हा निर्णय शास्त्राला धरून नाही, पण घरात ठरला आहे आणि त्यावर अपील नाही.

ज्यांच्या माळ्यावर अशी बंदूक आहे त्यांना एक कळकळीची विनंती. वाघ, तात्या आणि डॉलर यांचा विचार नंतर करा. पितळेला आणि पाटीला चिंच लावू नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा आणि दिसतील त्या सगळ्या खुणांचे फोटो काढून ठेवा. परवान्याची तारीख पाहा. आणि हे सगळे करण्याआधी ती भरलेली आहे का ते पाहा, कारण ठासलेला बार काढायचा राहून गेलेल्या जुन्या बंदुका आजही निघतात आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. घोड्याला हात लावू नका. नळीचे तोंड माणसांकडे न ठेवता, स्वतः बाजूला उभे राहून, एक बारीक लाकडी काठी अलगद आत सोडा. ती थांबेल तिथे खूण करा, बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. काठी चोचीपर्यंत पोचत असेल तर नळी रिकामी. चार बोटे अलीकडेच अडली, तर बंदूक आहे तिथेच ठेवा, पोरांना बाहेर काढा आणि ठाण्यात फोन करा.